साथीच्या ताळेबंदात हृदयरुग्णांचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुढची महासाथ आली तर आपली तयारी किती, याचा हिशेब मांडणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. खाटा, कृत्रिम श्वसनयंत्रे, प्राणवायूच्या टाक्या, प्रयोगशाळा, लस साठवायची शीतगृहे, सगळ्यांची मोजदाद त्यात आहे. मी ३४ वर्षे हिशेबतपासनीस होतो. ताळेबंद समोर आला की सुटलेली नोंद आधी शोधायची, ही त्या धंद्याची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. या लेखात एक अख्खा रकानाच सुटला आहे. साथीच्या आधीपासून ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांच्या गोळ्या, तपासण्या आणि झटके साथ संपेपर्यंत थांबून राहणार नाहीत, त्यांचे काय करायचे? मी त्यांच्यापैकी एक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले तर कात्री लावावी, मात्र आकडे कापू नयेत ही विनंती.

२०१४ साली मला पहिला झटका आला. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला, पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतले किती रक्त बाहेर ढकलते ते प्रमाण, ५० टक्क्यांवर राहिले, आणि पुढची सहा वर्षे मी मुकाट्याने गोळ्या घेत राहिलो. मग २०२० उजाडले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले, पण त्याआधीच चीनमधल्या ४४,६७२ रुग्णांच्या पाहणीचे आकडे छापून आले होते. एकूण मृत्यूंचे प्रमाण २.३ टक्के, आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांमध्ये १०.५ टक्के. ते कात्रण मी डायरीत चिकटवले, १०.५ खाली लाल रेघ ओढली आणि स्वतःला बजावले की आता उंबरठा ओलांडायचा नाही. आकडा बरोबर होता. मी त्यावरून काढलेली बाकी चुकली. घरात बसून दुखणे अंगावर काढणाऱ्याचे काय होते, हे त्या पाहणीत मोजलेलेच नव्हते.

त्याच सुमारास मोबाइलवर एक मजकूर फिरत आला. रक्तदाबाच्या अमुक अमुक गोळ्या विषाणूला शरीराचे दार उघडून देतात, ताबडतोब बंद करा. त्या यादीत माझी रामिप्रिल होती. तर्क अगदीच अडाणी असता तर मी हसून सोडून दिला असता. पण तो तसा नव्हता. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून, आणि रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची औषधे ते प्रथिन वाढवत असावीत अशी शंका प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेली होती. शंकेपासून 'गोळी बंद करा' इथपर्यंतची उडी मात्र कुणा शास्त्रज्ञाने मारलेली नव्हती. ती मोबाइलवाल्यांनी मारली. युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मार्चमध्येच सांगितले होते की गोळ्या चालू ठेवा. पुढे ब्राझीलमध्ये कोविड झालेल्या ६५९ जणांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांच्या गोळ्या ३० दिवस थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. थांबवण्याने काही फायदा झाला नाही.

हे सगळे मला नंतर कळले. मी ११ दिवस रामिप्रिल बंद ठेवली. डॉक्टरांना विचारले नाही, कारण दवाखाना बंद आणि फोन सतत व्यग्र. अकराव्या दिवशी घरच्या यंत्रावर रक्तदाब १७२ वर १०० भरला, तेव्हा यंत्राचा सेल उतरला असेल असे म्हणून मी तो बदलला. गोळी बंद केल्यामुळेच झटका आला असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण नोंद करून ठेवतो.

बाराव्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास जाग आली. छातीच्या हाडाखाली कुणीतरी अंगठा रोवून धरावा तसे वाटत होते. खाटेच्या कडेला बसलो. बनियन पाठीला चिकटले होते, घड्याळाचा पट्टा मनगटावर ओला लागत होता. हिने दिवा लावला आणि माझ्याकडे पाहिले.

"अहो, हे तेच आहे. मागच्या वेळी तुम्ही अस्सेच बसला होतात."

"पित्त आहे."

"पित्ताला असा घाम फुटतो का?"

छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची गोळी काढली. बाटलीवरची तारीख मागच्या वर्षी उलटून गेलेली. ३४ वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांतल्या तारखा तपासणाऱ्याच्या घरात! तरी ठेवली ती जिभेखाली. फारसा फरक पडला नाही. दुखणे पाच मिनिटांत उतरले नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, हे मला पाठ होते. सहा वर्षांपूर्वी घरी सोडताना सिस्टरने दोनदा वदवून घेतले होते. पण त्या पहाटे माझ्या डोळ्यांसमोर लाल रेघेचे १०.५ होते. रुग्णालय म्हणजे विषाणूचे माहेरघर, तिथे जाऊन मरण्यापेक्षा थोडी वाट पाहू. सहाला वाटले, जरा कमी आहे. आठला डावा जबडा दुखू लागला. साडेआठला ही काही न बोलता माझी फाईल पिशवीत घालून दाराशी जाऊन उभी राहिली. दहाला आम्ही रुग्णालयाच्या फाटकात होतो.

फाटकावर दोन रांगा. कपाळाशी ताप मोजायचे यंत्र धरून रखवालदाराने एकच प्रश्न विचारला, "दम लागतोय?" लागत होता. "तापाची रांग." ताप नव्हता, तरी तापाची रांग. त्या माणसाला दोष देत नाही. त्याला एकच प्रश्न शिकवला होता आणि त्याने तो विचारला. ४० मिनिटे मी खोकणाऱ्या माणसांमध्ये बसलो, म्हणजे ज्याला भिऊन पहाटेपासून घरी बसलो होतो नेमके तेच पदरात पडले. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी रांगेतून जाताना थबकली. पोशाखाच्या पाठीवर निळ्या शाईने तिचे नाव लिहिलेले होते, चेहरा मी कधीच पाहिला नाही. तिने माझ्या कपाळाला हातमोज्याचा हात लावला आणि ईसीजीचे यंत्र तिथे रांगेतच ओढून आणवले. खरे तर छातीत दुखणारा माणूस आला की पहिल्या १० मिनिटांत ईसीजी काढायचा असा नियम आहे. घशाच्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत थांबणे त्या नियमात बसत नाही. त्यानंतर मात्र सगळे भराभर झाले. मला बाधित आहे असे धरून चालून, सर्वांनी पोशाख चढवून अँजिओप्लास्टी केली, म्हणजे बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडली.

रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यापुढचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो आणि मेलेला परत जिवंत होत नाही. म्हणून रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत फुग्याने वाहिनी उघडायची, ते शक्य नसेल तर गुठळी विरघळवायचे इंजेक्शन द्यायचे, असा जगभर दंडक आहे. ते इंजेक्शन दुखणे सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत देता येते, पण त्याचा खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत. साथीच्या काळात काही ठिकाणी त्याचाच आधार घेतला गेला, कारण त्याला शस्त्रक्रियेची खोली लागत नाही. माझे पंपिंग ५० वरून ३५ वर आले. ते १५ टक्के विषाणूने नेले नाहीत. मला त्या वेळी कोविड झालाच नव्हता.

बरे झाल्यावर आमच्यासारखे किती, ते शोधत बसलो. इटलीत मार्च २०२० मधल्या एका आठवड्यात ५४ रुग्णालयांच्या हृदयविभागांत झटक्याचे ३१९ रुग्ण आले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ६१८ आले होते. झटके निम्मे झाले म्हणून खूश व्हायचे? खातेवहीत एका वर्षात जमा एकदम निम्मी झाली तर तपासनीस आधी विचारतो, उरलेली गेली कुठे. काही इटलीतल्याच लोंबार्डी भागात सापडतात. तिथल्या चार प्रांतांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडल्याच्या ३६२ घटना नोंदल्या गेल्या, आदल्या वर्षी २२९ होत्या. यातली सगळी वाढ उशिराच्या खात्यावर टाकता येणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना लागण झालेली होती किंवा तसा संशय होता. हाँगकाँगच्या एका रुग्णालयातला आकडाही वाचला. दुखणे सुरू झाल्यापासून डॉक्टरांपर्यंत पोचायला लोक पूर्वी ८२ मिनिटे लावत, साथ सुरू झाल्यावर ३१८. रुग्ण सातच होते, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. मी मात्र स्वतःला मनातल्या मनात आठवा धरला.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, धडा एकच, लवकर जा. पण मला खरे लिहायचे आहे ते पुढच्या वर्षाबद्दल, कारण तिथे प्रश्न इतका सरळ नव्हता.

२०२१ मध्ये लस घेतली. दुसऱ्या दिवशी अंग ठणकले, ते अपेक्षितच होते. घरात होती ती दुखण्यावरची गोळी मी चार दिवस दोन वेळा घेतली. डायक्लोफेनॅक. त्याच दिवसांत जो भेटेल तो, जो फोन करील तो, सांगत होता की भरपूर पाणी प्या. मी प्यायलो. पाचव्या रात्री खोकला सुरू झाला. ताप नाही, घसा दुखत नाही, पण आडवे झाले की खोकला आणि उठून बसले की बरे. एक उशी होती त्या दोन केल्या, मग तीन. बोटावरचे यंत्र रक्तातला प्राणवायू ९३ टक्के दाखवत होते. घरातल्यांनी माझी खोली वेगळी केली, ताट दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. सगळ्यांनी मनाशी ठरवले की हा तोच. मीही ठरवले. तपासणी केली तर नकारात्मक आली. "पहिली तपासणी फसवते, परवा पुन्हा करू," असे ठरले.

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या झटक्यानंतर ज्या डॉक्टरांकडे जात होतो, त्यांच्याकडे एक सिस्टर दर पंधरवड्याला आपल्या यादीतल्या रुग्णांना स्वतः फोन करत. त्यांनी तापाबद्दल विचारलेच नाही. पहिला प्रश्न, "वही जवळ आहे का?"

वही होती. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करायचे आणि लिहायचे, असे त्यांनीच लावून दिले होते. मी वाचून दाखवले: ६८.२, ६८.४, ६९.५, ७०.६.

"तीन दिवसांत २ किलो ४०० ग्रॅम. मोजे काढा आणि नडगीवर बोट दाबा."

दाबले. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे फुफ्फुसांत साठलेलं पाणी आहे, काका. दुखण्यावर कुठली गोळी घेतलीत?"

तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वजन चढले तर ती चरबी नसते, ते पाणी असते. इतक्या झपाट्याने कुणी लठ्ठ होत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही, पण ज्याचे पंपिंग ३५ आहे त्याच्या फुफ्फुसात ते पाणी चढते. साधी पॅरासिटामॉल घेतली असती तर भागले असते. आणि 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला माझ्यासाठी नव्हताच. मला दिवसाला दीड लिटरची मर्यादा घालून दिलेली होती. जगाला दिलेला सल्ला मी आपला समजून घेतला. डॉक्टरांनी फोनवरच लघवीची गोळी वाढवून दिली, दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावले, आणि पाच दिवसांत मी ६८.३ वर उतरलो. दाखल व्हावे लागले नाही. त्या काळात एक खाट वाचली, तीही आपल्या लेखातल्या खाटांच्या हिशेबात धरावी.

याची उलटी बाजूही सिस्टरांनी त्याच फोनवर सांगितली. तीव्र ताप, जुलाब, उलट्या होऊन शरीरातले पाणी कमी होत असेल तर हीच लघवीची गोळी नेहमीइतकी घेत राहणे धोक्याचे ठरते, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडावर ताण येतो. तेव्हा ती कमी करायची, पण विचारून. म्हणजे एकच गोळी, एका आठवड्यात वाढवायची आणि दुसऱ्या आठवड्यात कमी करायची. वर्तमानपत्रातल्या चौकटीत 'हृदयरुग्णांनी हे करावे' असे छापून हे काम होणार नाही. त्याला फोनच्या दुसऱ्या टोकाला माझी फाईल माहीत असलेले माणूस लागते.

आणि विषाणू आणि हृदय ही दोन वेगळी खाती आहेत, असेही समजू नये. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ साली, म्हणजे कोविडच्याही आधी, प्रसिद्ध झाला. साध्या फ्लूची लागण तपासणीत पक्की झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट असल्याचे त्यात दिसले. ताप आला की नाडी वाढते, हृदयाला जास्त प्राणवायू लागतो, शरीरभर दाह असतो, रक्त गोठायला सोकावलेले असते. ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद, त्याला हे झेपत नाही. म्हणून लस आम्हाला आधी, फ्लूचीही. औषधांचेही तेच. २०२० मध्ये माझ्या एका ओळखीच्याने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनची पाकिटे प्रेमाने आणून दिली होती. दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, एकत्र घेतली तर अधिकच. पुढे कोविडवर आलेल्या निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर या जोडगोळीचे कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिनशी आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या काही गोळ्यांशी जमत नाही. ते लिहून देणाऱ्या डॉक्टराला मी काय काय घेतो ते माहीत हवे, आणि साथीत तो डॉक्टर बहुधा अनोळखीच असतो.

तर आता त्या रिकाम्या रकान्यात काय लिहावे, याबद्दल. रुग्णालयाच्या फाटकावरच्या माणसाला 'दम लागतोय का'च्या आधी 'छातीत दुखतंय का' हा प्रश्न शिकवा आणि त्याच्या शेजारी ईसीजीचे यंत्र ठेवा. तापाच्या रांगेशी ज्याचा संबंध नाही असे छातीदुखीचे वेगळे दार कुठले, हे साथ येण्याआधी ठरवून जाहीर करा. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळण्याची सोय हवी. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांचे, विशेषतः कृत्रिम झडप बसवलेल्यांचे, रक्त तपासायला जायचे कुठे, ते आधीच ठरलेले हवे, कारण त्यांना तीन महिने थांबून चालत नाही. फोन रुग्णालयाने करायचा. आजारी माणूस व्यग्र क्रमांकावर किती वेळा प्रयत्न करणार? मी चारदा केला होता.

आणि प्रत्येक हृदयरुग्णाच्या फाईलला सगळ्यात वर एक कागद. माझा माझ्या डॉक्टरांनी करून दिला आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. कोणत्या गोळ्या कुणीही सांगितले तरी विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, दुखण्यावर कोणती चालते, पाणी किती, वजन किती चढले की फोन, आणि छातीत दुखले तर किती मिनिटांनी घर सोडायचे. तिथे आकडा आहे ५. खाली जिभेखालच्या गोळीच्या बाटलीवरची तारीख, जी मी आता दर तिमाहीला तपासतो. आपल्या लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे वाचले. त्यात या कागदाचा कोरा नमुना छापता येईल का? वाचकांनी कापून डॉक्टरांकडून भरून घेतला तर माझ्या त्या जुन्या कात्रणापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

आपला,
दोन झटके घेतलेला एक वाचक

ता. क. : टपालात टाकण्याआधी पत्र हिला वाचून दाखवले. पहाटेची वेळ चुकली आहे म्हणते. मी चारला नव्हे, तीनला दहा मिनिटे कमी असताना उठून बसलो होतो, ती जागीच होती आणि मी काही बोलतो का याची वाट पाहत होती. तेव्हा वर 'चारच्या सुमारास' आहे तिथे २.५० असे वाचावे.